शस्त्रक्रियेपूर्वीचे तीन आठवडे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरसाल या दिवशी आपल्याकडे हळदीकुंकू होते, मुलींची गाणी होतात, पाककृतींची चढाओढ होते. यंदाही ती आहेच. पण चिटणीसबाईंचा आग्रह पडला की, बायकांच्या कर्करोगाच्या ऑपरेशनाविषयी मी चार शब्द सांगावेत. विषय कळल्यावर दोघीतिघी म्हणाल्या, "सणासारख्या दिवशी हे काहून काढलं, माय?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. परंतु हा विषय आपण एरवी कोणत्या दिवशी काढतो? कोणत्याच नाही. दुखणे अंगावर येईस्तोवर तो निघत नाही आणि त्या वेळी घरात कोणाचे डोके ठिकाणावर नसते.

मी काही डॉक्टरीण नव्हे. शाळा सातवीवर सुटली. मात्र आमच्या थोरल्या नणंदबाईंच्या दुखण्यात त्यांच्याबरोबर मीच होते. दवाखान्याच्या बाकावर बसून जे ऐकले, डॉक्टरांना व सिस्टरबाईंना जे विचारले, ते दोन आण्याच्या बुद्धीने वहीत उतरवून घेतले. त्यातलेच आज सांगते. नणंदबाईंनी 'खुशाल सांगा' म्हणून परवानगी दिली आहे, एवढेच की नाव घेऊ नये.

आपल्या बायकांची पहिली भीती अशी की, टेबलावर घेतले की बाई काही परत येत नाही. ही भीती एके काळी खोटी नव्हती. व्हिएन्ना शहरी अर्न्स्ट वेर्टहाइम नावाचे डॉक्टर होते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी पोट उघडून गर्भाशय आणि त्याच्या भोवतालचा भाग काढण्याचे मोठे ऑपरेशन त्यांनी १८९८ साली सुरू केले. पुढे त्यांनी ५०० बायकांचा हिशेब छापला, त्यात शंभरामागे १८ हून अधिक बायका ऑपरेशनाने दगावल्या होत्या. तेव्हा रक्त चढविण्याची सोय नव्हती. रक्ताचे गटच मुळी १९०१ साली, त्याच व्हिएन्नात लँडस्टायनर यांनी शोधून काढले. जंतू मारणारी औषधे तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. आज चांगल्या केंद्रात हेच ऑपरेशन होते तेव्हा शंभरात एकही बाई दगावत नाही म्हटले तरी चालेल. म्हणजे जीव जाण्याची भीती पुष्कळ कमी झाली. उरल्या त्या नंतरच्या अडचणी. जखम चिघळणे, ताप येणे, छातीत कफ भरणे, पायात रक्ताची गुठळी होणे, लघवी अडणे. आणि भगिनींनो, या अडचणी कोणाला होतील याचा बराचसा अंदाज ऑपरेशनापूर्वीच बांधता येतो. कारण त्यांतल्या कित्येक आपण घरूनच बरोबर नेतो.

नणंदबाईंचे असे झाले. पाळी जाऊन चार वर्षे झालेली असताना त्यांना पुन्हा लाल जाऊ लागले. दोन महिने त्यांनी कोणाला सांगितले नाही. मग एका ठिकाणी दाखविले, तेथे न तपासताच सांगण्यात आले की पिशवी काढून टाकू, तिसऱ्या दिवशी घरी. त्यांची मुलगी हट्टी म्हणून बरे. ती म्हणाली, आधी तुकड्याची तपासणी करा. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला आणि आम्ही नागपूर गाठले.

तेथे मोठ्या डॉक्टरांनी सारे कागद पाहिले. हिमोग्लोबिन ७.२. उपाशीपोटीची साखर २६०. वजन भारी. रक्तदाब वाढलेला. ते म्हणाले, ऑपरेशन करू, पण तीन आठवड्यांनी. झाले! जावईबापू तेथेच भडकले. "तीन हप्ते काहून थांबा लागते? तवरोक त बिमारी सारी पसरून जाईन!" कोणी म्हणाले, डॉक्टरला पैसे पाहिजेत म्हणून लांबवतात. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "घराला आग लागली असती तर आत्ताच धावलो असतो. ही वाळवी आहे. वासा काढायचाच आहे, पण आधी छपराला टेकू देऊ द्या. मात्र तीन आठवड्यांचे तीन महिने करू नका." नणंदबाईंच्या रोगाला तीन आठवडे चालण्यासारखे होते म्हणून ते तसे म्हणाले. प्रत्येकीचे तसे नसते. फार रक्त जात असेल किंवा आतड्याला अडथळा झाला असेल तर थांबता येत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवावे, गावातल्या पारावर ठरवू नये.

आता त्या तीन आठवड्यांत काय केले ते सांगते, कारण खरे काम तेथेच आहे.

पहिले रक्त. महाराष्ट्रात २०१९ ते २१ मध्ये सरकारची कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींना रक्त कमी आढळले. म्हणजे येथे बसलेल्या आपणा बायकांत अर्ध्याअधिक आल्या. घरकाम त्यातही रेटून नेता येते, म्हणून आपल्याला कळत नाही. पण मोठ्या ऑपरेशनात रक्त जाते. आधीच कमी असेल तर रक्ताच्या पिशव्या जास्त लागतात, जखम भरत नाही, ताप लवकर येतो. नणंदबाईंना सलाइनमधून लोहाचे औषध दोनदा दिले, रक्त जाणे कमी होण्याच्या गोळ्या दिल्या आणि दोन पिशव्या रक्त चढविले. घरी शेजारणी गूळशेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. प्रेमाने आणले, पण साखरेच्या रोग्याला गूळ कसा द्यावा? ते लाडू मुलांनी खाल्ले. नणंदबाईंना अंबाडीची व मेथीची भाजी, मोटाची उसळ, वर लिंबू, आणि जेवणाबरोबर चहा बंद. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही हे मला तेथेच कळले.

येथे एक पोटगोष्ट सांगते. आपल्या विदर्भात, मेळघाटात तर आहेच पण इकडेही, सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार घराण्यातून चालत येतो. त्याच्या रोग्याला भूल देताना, शरीरात पाणी कमी पडले, थंडी वाजली किंवा प्राणवायू कमी पडला तर तांबड्या पेशी वाकड्या होऊन अडकतात आणि भयंकर त्रास होतो. रक्त कमी आहे म्हणून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या गिळणे अशा माणसाला योग्य नाही. ज्यांच्या माहेरी वा सासरी हा आजार असेल त्यांनी तो डॉक्टरला सांगावाच. लग्न जुळविताना लपविला असेल तो भाग वेगळा, टेबलावर लपवून भागत नाही.

दुसरी साखर. ती वाढलेली असली की जखमेत जंतूंचे फावते. तीन आठवडे इन्सुलिन चालले. सुई घ्यायला नणंदबाई घाबरत, म्हणून त्यांच्या सूनबाईने शिकून घेतले. साखर दीडशेवर आली.

तिसरे अन्न. रोगी बाईला आपण काय देतो? पेज आणि साबुदाणा. शिवाय ती स्वतः नवस म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरते. देवाविषयी मला बोलायचे नाही. पण अंगात प्रथिने नसतील तर जखमेचे टाके कशाच्या बळावर धरणार? ज्या बायकांना अंडाशयाचा कर्करोग होऊन पोटात पाणी भरते त्यांची प्रथिने तर फारच खालावतात आणि त्यांच्या ऑपरेशनात आतड्यालाही हात लावावा लागण्याचा संभव असतो. त्यांना घट्ट वरण, दूध, दही, चालत असेल त्यांना अंडे, रोज पाहिजे. नणंदबाईंनी गुरुवार मोडला नाही, परंतु त्या दिवशी दूध आणि दही पोटभर घेतले. माझ्या मते देवाचेही त्यात समाधान झाले असेल.

चौथी गोष्ट तंबाखू. पुरुषांचा खर्रा आपण उघड्यावर पाहतो. बायकांचा गुडाखू आणि नस पदराआड असते. तंबाखूने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात आणि जखमेला रक्त पोचत नाही. निदान चार आठवडे आधी सोडावी, असे मला सांगितले. बिडी ओढणाऱ्या बाईच्या आणि जन्मभर चुलीचा धूर घेतलेल्या बाईच्या छातीचीही भीती असते. आमच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, पूर्वेकडल्या जिल्ह्यातल्या. त्यांना पुष्कळ वर्षांचा दमा. 'दमा सांगितला तर ऑपरेशन रद्द होईल' असे कोणीतरी त्यांच्या मनात भरविले, म्हणून त्यांनी दम्याचा फवारा पिशवीच्या तळाशी लपविला. तिसऱ्या दिवशी छाती भरली. आठ दिवस प्राणवायूवर काढले. दमा आधी सांगितला असता तर औषध देऊन छाती मोकळी करून घेतली असती, एवढेच सिस्टरबाई म्हणाल्या. ती बाई पुढे घरी गेली, पण ते आठ दिवस तिच्या लेकीने उभ्याने काढलेले मी पाहिले आहेत.

म्हणून भगिनींनो, भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी प्रश्न विचारायला येतात तेव्हा सगळे सांगावे. मागे सिझेरियन झाले का, नसबंदीचे ऑपरेशन झाले का. आधीच्या ऑपरेशनाने आतली आतडी वा मूत्राशय चिकटलेले असते आणि सोडविताना इजा होऊ शकते. हृदयाची, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का. ती आपल्या मनाने बंदही करू नये आणि लपवूही नये. वैदूचा काढा चालू असेल तर तोही सांगावा, डॉक्टर हसले तर हसोत. पूर्वी त्या भागाला शेक, म्हणजे विजेचे उपचार, दिलेले असतील तर ते फार महत्त्वाचे, कारण शेकलेला भाग कडक होतो आणि सावकाश भरतो. जुने कागद एका पिशवीत घालून न्यावेत. पुष्कळ घरांत शेताचा सातबारा जपून ठेवलेला असतो आणि बाईचे दवाखान्याचे कागद चूल पेटवायला गेलेले असतात.

वयाचे म्हणाल तर नुसत्या वयाने डॉक्टर घाबरत नाहीत. सत्तरीची बाई वावरात निंदायला जात असेल तर ती पन्नाशीच्या खाटेवरच्या बाईपेक्षा लवकर उठते. तीन आठवडे नणंदबाई रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात चालल्या. तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे खेळणे मिळते, नळीतून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. नातवाला ते फार आवडले आणि आजीला सोडून तोच ओढीत बसे.

ऑपरेशनाच्या दिवशी मंगळसूत्र काढायला सांगितले तेव्हा त्या रडल्या. हे तुम्ही घरूनच मनाशी ठरवून जा. नथ, बांगड्या, नखांचा रंग, सारे काढावे लागते. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतात, त्याला नखावरचा रंग आणि गडद मेंदी आड येते. त्यांचे मंगळसूत्र मी माझ्या गळ्यात घालून बसले.

नंतरचे खरे खरे सांगते. तयारी केली म्हणून सारे सुरळीत झाले असे नाही. वजन भारी होते, त्यामुळे दहाव्या दिवशी खालच्या दोन टाक्यांतून पाणी येऊ लागले आणि अठरा दिवस पट्ट्या कराव्या लागल्या. पण ताप आला नाही आणि साखर ताब्यात असल्याने जखम भरत गेली. ऑपरेशनाच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टरबाई त्यांना उठवून चालवू लागल्या. "वहिनी, मले उठवू नका, टाके तुटतीन," असे त्या मला म्हणत. टाके चालण्याने तुटत नाहीत. कर्करोगात रक्त आधीच गोठू पाहते, त्यात बाई निजून राहिली की पोटरीत गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणाशी गाठ. यासाठी चालणे, पायांत घट्ट मोजे आणि पोटाच्या कातडीत एक लहान सुई, ती घरी आल्यावरही मिळून महिनाभर. 'आता बरे आहे' म्हणून ती मध्येच सोडू नये.

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे ऑपरेशन याहून अवघड. मूत्रपिंडातून लघवी आणणारी नळी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते, तिला धक्का लागू शकतो. मूत्राशयाच्या नसाही त्याच भागात, म्हणून लघवीची नळी कित्येक दिवस ठेवावी लागते. गाठी काढल्या तर पायाला सूज राहू शकते. हे आधी ठाऊक असले म्हणजे नळी पाहून घरची माणसे 'ऑपरेशन बिघडले' असा गलका करीत नाहीत. आणि बारीक छिद्रांतून केलेले ऑपरेशन नेहमीच बरे असेही नाही. अस्तराच्या कर्करोगात ते चांगले चालते, जखम लहान राहते. पण मुखाच्या कर्करोगात पोट उघडून केलेल्या बायकांना रोग कमी वेळा उलटला, असे २०१८ साली छापून आलेल्या अनेक देशांतल्या एका मोठ्या पाहणीत दिसले.

प्रत्येकीला ऑपरेशनच पाहिजे असेही नाही. मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ साली उघडले, २००३ पासून पुढे ६३५ बायकांवर एक पाहणी झाली. मुखाचा रोग थोडा वाढलेल्या या बायका होत्या. अर्ध्यांना आधी औषधे देऊन ऑपरेशन केले, अर्ध्यांना शेक आणि औषधे एकत्र दिली. पाच वर्षांनी शेकवाल्यांत शंभरी सुमारे ७७ जणी रोगमुक्त होत्या, ऑपरेशनवाल्यांत सुमारे ६९. तेव्हा डॉक्टरांनी 'कापायचे नाही' म्हटले म्हणजे आशा सोडली, असा अर्थ काढू नये.

पिशवी काढण्याची घाई ही मला सर्वांत वाईट वाटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांविषयी २०१९ साली सरकारी समितीपुढे आकडे आले, ८२,३०९ बायकांत १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. पांढरे जाते, लाल जाते, काढा पिशवी! आत कर्करोग असेल आणि न तपासता साधे ऑपरेशन केले तर रोग अर्धा मागे राहतो. मग दुसरे ऑपरेशन किंवा शेक, आणि तो चिकटलेल्या, बिघडलेल्या जागी. आधी तपासणी मागावी. मागताना लाजू नये.

सर्वांत मोठी अडचण मात्र उशीर हीच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने आणि टाटाच्या लोकांनी १९९९ पासून ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका घेऊन पाहणी केली. निरनिराळ्या गावांत निरनिराळी तपासणी, काही गावांत नेहमीचीच व्यवस्था. गर्भाशयाच्या मुखाचा रोग ज्या विषाणूने होतो त्याची तपासणी ज्या गावांत एकदाच केली, तेथे आठ वर्षांत त्या रोगाने ३४ बायका गेल्या. काही न केलेल्या गावांत ६४. एकदाच केलेल्या तपासणीचा हा गुण! लवकर सापडलेला रोग लहान उपायाने जातो, पुष्कळदा पोट उघडावेही लागत नाही. तिशीपुढच्या बायकांची मुखाची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आशाताईंना विचारावे.

पैशाचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची ऑपरेशने आहेत. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे, दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याला आधी भेटावे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. आपल्या गावावरून नागपूरला जाताना मोझरी लागते, तेथे १९६८ साली महाराजांनी देह ठेवला तो याच रोगाने. मुंबईला जावे लागले तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तेथे टाटाचे रोगी आणि त्यांची माणसे उतरतात. बाबा आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हा तेथे अगदीच परके वाटू नये.

नणंदबाई दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. उजव्या पायाला सायंकाळी सूज येते, उशीवर पाय ठेवून निजतात. गेल्या पोळ्याला पुरणपोळ्या त्यांनीच केल्या, स्वतः मात्र अर्धीच खाल्ली.

माझी वही मी आणली आहे. डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न तीत मागच्या पानावर आहेत, ज्यांना उतरवून घ्यायचे असतील त्यांनी घ्यावेत. आणि ज्यांना चारचौघींसमक्ष विचारता येत नाही त्यांच्यासाठी, गाणी सुरू झाली की मी मागच्या खोलीत सतरंजीवर बसते.